सूज एकच, पाय दोन

गेल्या गणपतीत ठाण्यात आमच्या नौपाड्यातल्या घरात दोघांना सूज आली. बाबांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला, तीही मध्यरात्री. चादर टेकली तरी ते कळवळत होते. आईच्या दोन्ही घोट्यांना. तलावपाळीला फेऱ्या मारून आली तेव्हा चपलेचे पट्टे पायात रुतलेले, पण दुखत काहीच नव्हतं. औषधवाल्याने दोघांना एकच 'सुजेची गोळी' दिली. आपण तरी त्याला वेगळं काय सांगितलं होतं? 'सूज आलीय', एवढंच.

बाबांचा होता दाह, गाउट या सांध्यांच्या आजाराचा. सांध्यात युरिक ॲसिडचे सुईसारखे स्फटिक जमतात. अंगठा शरीराच्या टोकाला, जरा गार, म्हणून बहुतेकदा तिथेच आधी. पांढऱ्या पेशी त्यांच्यावर तुटून पडतात, रसायनं सुटतात, रक्तवाहिन्या रुंदावतात आणि झिरपू लागतात. म्हणून लाली, ऊब, फुगवटा, ठणका. पहिल्या शतकातल्या रोमन सेल्ससने दाहाची हीच चार लक्षणं लिहून ठेवलीत. जंतू मात्र इथे एकही नाही. कपाटात उरलेलं अँटिबायोटिक घ्यायची बाबांची टूम आम्ही तिथल्या तिथे हाणून पाडली.

आईचे पाय गार, कातडीचा रंग नेहमीचाच. नडगीवर बोट दाबून धरलं तर मळलेल्या कणकेत पडावा तसा खळगा पडला आणि बराच वेळ तसाच राहिला. हे नुसतं पाणी. तिची ब्लडप्रेशरची गोळी, ॲम्लोडिपिन, बारीक धमन्या सैल करते. पुढच्या केशवाहिन्यांत दाब वाढतो, पाणी बाहेर झिरपतं आणि दिवसभर खाली उतरत राहतं. हृदय, मूत्रपिंड किंवा यकृत बिघडलं तरी अशीच सूज येते, म्हणून नंतर डॉक्टरांनी आधी तपासण्या केल्या, मग गोळी बदलली. (एकाच पोटरीला अचानक सूज आली तर मात्र बोट दाबत बसू नका. शिरेत गुठळी असू शकते, थेट हॉस्पिटल गाठा.)

आता ती सुजेची गोळी. डायक्लोफिनॅक. ती प्रोस्टाग्लँडिन, म्हणजे दाह वाढवणाऱ्या त्या रसायनांपैकीच एक, तयार होऊ देत नाही. ॲस्पिरिन हेच करतं हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं, १९८२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. बाबांना दोन दिवसांत उतार पडला. पण मीठ-पाणी बाहेर टाकायला मूत्रपिंडालाही हेच प्रोस्टाग्लँडिन लागतं. आईच्या अंगात पाणी आणखी साठलं, प्रेशर वर गेलं, आणि चौथ्या दिवशी तिची जोडवी साबण लावून काढावी लागली.