हास्केलमध्ये यादीचे गट पाडण्याची पार्श्वभूमी

हास्केल या प्रोग्रामिंग भाषेच्या ‘हास्केल ९८’ या आवृत्तीच्या प्रमाणित ग्रंथालयात (तयार फंक्शनांच्या संग्रहात) ‘ग्रुप’ हे फंक्शन होते, आणि त्याला [१, १, २, १] ही यादी दिली की [[१, १], [२], [१]] असे उत्तर येई. शेजारशेजारचे समान घटकच एकत्र येतात, शेवटचा १ वेगळा पडतो. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतील ‘ग्रुप बाय’ विखुरलेल्या समान नोंदीही एकत्र आणते, त्याची सवय असलेल्याला हे खटकते, परंतु या रचनेत शेजारच्या घटकांची समानता तपासता आली की पुरते, घटकांचा क्रम लावता येण्याची अट पडत नाही, आणि लेझी मूल्यमापनामुळे (गरज पडेल तेव्हाच मूल्य काढण्याच्या पद्धतीमुळे) अनंत यादीचेही गट एकेक करून हाती येतात. विखुरलेले समान घटक गोळा करायचे, तर यादी शेवटपर्यंत वाचावीच लागते.

खरी अडचण ‘ग्रुपबाय’मध्ये होती. तुलनेचा नियम आपण द्यायचा, पण प्रत्येक घटकाची तुलना त्याच्या शेजाऱ्याशी न होता गटातील पहिल्या घटकाशी होते. चढत्या क्रमाचे तुकडे मिळतील या आशेने [१, ३, २, ०] या यादीवर ‘लहान किंवा समान’ हा नियम लावला, तर [[१, ३, २], [०]] असे उत्तर येते. दिलेला नियम समतुल्यतेचा (‘समान आहे’ यासारखा, दोन्ही दिशांनी लागू पडणारा) असेल असे हास्केल ९८च्या अधिकृत अहवालात गृहीत धरलेले आहे, त्यामुळे दोष वापरणाऱ्याकडेच जातो. मात्र फंक्शनच्या नावावरून ही अट कोणाच्या लक्षात यावी?

सायमन पेटन जोन्स आणि फिलिप वॅडलर यांनी २००७ साली लिस्ट कॉम्प्रिहेन्शनमध्येच (एका यादीवरून दुसरी यादी बनवण्याच्या थोडक्या लेखनपद्धतीत) क्रमवारी आणि गटबांधणी आणण्याचा प्रस्ताव मांडला. तो पुढे जीएचसी या हास्केलच्या कंपायलरमध्ये आला, आणि तेथील ‘ग्रुपविथ’ किल्लीनुसार (प्रत्येक घटकावरून काढलेल्या मूल्यानुसार) आधी क्रम लावून मगच गट पाडते. क्लोजर या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेने २०१० साली १.२ या आवृत्तीत ‘ग्रुप-बाय’ (विखुरलेले घटकही गोळा करणारे) आणि ‘पार्टिशन-बाय’ (शेजारचेच एकत्र ठेवणारे) अशी दोन नावे देऊन हे दोन अर्थ वेगळे केले. हास्केलमध्ये मात्र गोंधळ वाढला. रिकाम्या नसलेल्या याद्यांचे मॉड्यूल २०१६ साली मूळ ग्रंथालयात आले. त्यामुळे कोणताही गट रिकामा नसतो ही खात्री टाइपमध्येच (मूल्याच्या प्रकारातच) उतरली, हा लाभ मोठाच, पण तेथील ‘ग्रुपविथ’ क्रम लावत नाही, ते काम ‘ग्रुपऑलविथ’ करते.

म्हणून अनेक जण ‘मॅप’ या किल्ली-मूल्यांच्या जोड्या ठेवणाऱ्या रचनेच्या, एकाच किल्लीची मूल्ये एकत्र जोडणाऱ्या ‘फ्रॉमलिस्टविथ’ या फंक्शनकडे वळतात. तेथे जोडणीसाठी ‘++’ (दोन याद्या जोडणारे चिन्ह) दिले, तर नवे मूल्य जुन्याच्या आधी जोडले जाते आणि प्रत्येक गटातील क्रम उलटा होतो.