हात वर गेला, पण वळायचं कुठे?

साल्सा शिकायला लागून महिना झाला की बहुतेक जणींची गाडी इथे अडते. समोरच्याने डावा हात उचलला रे उचलला की आपण उजवीकडे गिरकी घेतो, कारण सगळ्यात आधी तीच शिकलेली असते. त्याला हवा असतो इनसाइड टर्न, म्हणजे डावीकडची गिरकी. मग डोक्यावर हातांचा पीळ पडतो, खांदा ओढला जातो आणि पुढच्या मोजणीतला 1 हातचा जातो.

चूक होणं साहजिक आहे. राइट टर्न आणि इनसाइड टर्न दोन्हींत मोजणी तीच: 1-2-3, 5-6-7, आणि 4 व 8 वर पाऊल नाही. धरलेले हात तेच, त्याचा डावा आणि आपला उजवा. वळायचंही दोन्हींत 5-6-7 वरच.

राइट टर्नमध्ये तो समोरून हलत नाही. 1 ला आपला उजवा पाय मागे, 2 ला डाव्यावर वजन, 3 ला उजवा परत जागेवर. आता त्याचा हात वर जातो आणि आपल्या उजव्या खांद्याच्या बाजूला, बाहेर उघडतो. 5 ला डावा पाय पुढे टाकून घड्याळाच्या काट्यांसारखं वळायचं, 7 ला पुन्हा समोरासमोर. निघालो तिथेच परत येतो.

इनसाइड टर्नचा जीव मात्र क्रॉस बॉडी लीडमध्ये, म्हणजे त्याने बाजूला होऊन आपल्याला पलीकडे जाऊ देण्यात आहे, आणि तो हात उठण्याआधीच सुरू होतो. 2-3 वर तो बाजूला होऊन डावीकडे पाव वळण घेतो. दार उघडावं तशी आपल्यापुढची वाट मोकळी होते. मग हात आपल्या कपाळासमोरून डाव्या खांद्याकडे, म्हणजे आत येतो. नाव त्यावरूनच पडलं. 5 ला डावा पाय सरळ त्या वाटेवर टाकायचा. इथे घाई नको! 6 ला उजवा पाय पुढे पडला की डावीकडे वळायचं. पलीकडे पोचून त्याच्याकडे तोंड होईपर्यंत दीड फेरी होते आणि तिचा बराचसा भाग 6-7 मध्येच उरकावा लागतो. 5 लाच वळलात तर वाटेत अडकाल.

ही सरळ रेषेतली वाट लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्कच्या साल्सातली. क्यूबातल्या कासिनो नावाच्या साल्सात जोडी एकमेकांभोवती गोल फिरते; तिथलं एन्चुफ्ला नावाचं वळण हे आपल्या इनसाइड टर्नचा जवळचा नातलग.

लीड करणाऱ्यांना कळकळीची विनंती: बोटं सैल ठेवा, हात तिच्या डोक्याच्या जरासाच वर ठेवा आणि मनगट पिळू नका. वळते ती स्वतःच्या पायांवर; हाताने फक्त दिशा सांगायची.

सरावासाठी एक करून पाहा. काही मिनिटं हात धरूच नका. त्याने नुसती पावलं टाकायची आणि 3 ला तिने मोठ्याने सांगायचं, दार उघडलं की बंद आहे. दहापैकी दहा वेळा बरोबर यायला लागलं की मगच हात धरा.