तेव्येची तिसरी मुलगी

'फिडलर ऑन द रूफ' (१९७१) हा चित्रपट म्हटलं की लोकांना आठवतो तो हात उंचावून नाचणारा नायक टोपोल. मी मात्र दर वेळी शेवटाकडच्या एका प्रसंगाशी अडखळतो. रशियातल्या आनातेव्का गावातून ज्यूंना हाकललंय, आज गाव सोडायचा दिवस. तेव्ये हा ज्यू गवळी सामान आवरतोय. ख्रिस्ती मुलाशी लग्न केलं म्हणून ज्या मुलीला त्याने 'आपल्याला मेली' म्हणून टाकलं, ती हावा निरोप घ्यायला आलीय. बाप तिच्याकडे बघत नाही. नुसतं पुटपुटतो, देव तुमच्या पाठीशी असो. मग थोरली त्साइतल तेच मोठ्याने बोलून धाकटीपर्यंत पोचवते.

मूळ कथेत असं घडत नाही. शोलेम अलेइखेम (खरं नाव सोलोमन राबिनोविच) यांनी तेव्येची पहिली कथा १८९४ साली यिडिश या पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेत लिहिली आणि पुढची वीस वर्षं हा गवळी त्यांना अधूनमधून भेटत राहिला. टोपणनावाचा अर्थ 'तुम्हाला शांती लाभो', म्हणजे ज्यूंचा रोजचा रामराम. प्रत्येक कथेत तेव्ये या लेखकाला गाठतो आणि मुलींची कर्मकहाणी ऐकवतो. एक गरीब शिंप्याशी लग्न करते, दुसरी क्रांतिकारकामागे सैबेरियाला जाते. एक तर पाण्यात जीव देते, आणि बायको गोल्डेही मरते. ही दोन मरणं, ज्या संगीतिकेवरून चित्रपट निघाला तिने सरळ वगळली. कथेतली हावा नवऱ्याला सोडून घरी परतते. तेव्येने तिला जवळ घेतलं की नाही? ते तो सांगतच नाही. उलट लेखकालाच विचारतो, तुम्ही असता तर काय केलं असतं?

ही हद्दपारी कल्पनेतली नव्हे. झारच्या रशियात ज्यूंनी कुठे राहायचं याची हद्द १७९१ पासून आखलेली होती. १८८१च्या ज्यूविरोधी दंगलींनंतर, १८८२च्या 'मे कायद्यां'नी त्यांना खेड्यांत नव्याने वस्ती करायलाही बंदी केली. १९०५ साली कीव्हमधली दंगल खुद्द शोलेम अलेइखेम यांनी अनुभवली आणि लवकरच देश सोडला.

१९३९ मध्ये मॉरिस श्वार्ट्झ यांनी अमेरिकेत या कथांवर यिडिश चित्रपट काढला. त्यात हावा परत येते आणि बाप तिला पदरात घेतो. त्या वर्षी, त्या प्रेक्षकांसमोर, दुसरा शेवट चाललाच नसता.

१९६४ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर 'फिडलर ऑन द रूफ' ही संगीतिका आली आणि गोष्ट पुन्हा बदलली. लेखन जोसेफ स्टाइन, संगीत जेरी बॉक, गीतं शेल्डन हार्निक. दिग्दर्शक जेरोम रॉबिन्स या मंडळींचा पिच्छाच पुरवत: हे नाटक आहे तरी कशाबद्दल? 'एक गवळी आणि त्याच्या मुली' हे उत्तर त्यांना पटेना. शेवटी 'परंपरा' हा शब्द निघाला आणि त्यातूनच सुरुवातीचं गाणं तयार झालं. रॉबिन्स सहा वर्षांचे असताना पूर्व युरोपात आजोबांच्या रोझांका गावी राहून आले होते. पुढे महायुद्धात तिथले ज्यू उरले नाहीत.

चित्रपटासाठी दिग्दर्शक नॉर्मन ज्युइसन यांनी युगोस्लाव्हियात झाग्रेबजवळची खेडी निवडली. छायालेखक ओसवाल्ड मॉरिस यांनी कॅमेऱ्याच्या भिंगावर बायकांचा तपकिरी रेशमी मोजा ताणून बसवला. चित्रपटभर दिसणारा तो मातकट रंग त्या मोज्याचा. मॉरिसना ऑस्कर मिळालं.

हावाचा शेवट मात्र नाटकातलाच राहिला. माणसांशी असं वागणाऱ्यांत आम्हाला राहायचं नाही, असं सांगून ती आणि तिचा नवराही गाव सोडतात. कुठे, तर पोलंडमधल्या क्राकूफला. पुढे नाझींनी जिथे ज्यूंची कत्तल केली ती आउशविट्झची छावणी तिथून सत्तर किलोमीटरही नाही, आणि १९६४च्या प्रेक्षकाला ते सांगावं लागत नव्हतं.