मेन बोर्डावर माणसाचा नंबर शेवटी लागला

मुंबईत 1905 साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनीची वीज आली, तेव्हा घरच्या वायरिंगमध्ये मोठी धास्ती आगीची होती. वायरवर रबर आणि सुताचं वेष्टण, आणि ती लाकडी केसिंग-कॅपिंगमधून (झाकणाच्या लाकडी पट्टीतून) नेलेली. तापली की आधी वेष्टण जळणार, मग लाकूड. यावरचा उतारा एडिसनच्या 1880 च्या पेटंटमध्येच होता: वाटेत तारेचा असा तुकडा घालायचा, की करंट वाढला तर तोच आधी वितळावा. आपल्याकडे तो चिनी मातीच्या किटकॅट फ्यूजच्या रूपात घरोघरी पोचला.

जुन्या इमारतींच्या जिन्याखाली लोखंडी मेन स्विच अजून दिसतो. बाजूला दांडा, आत दोन किटकॅट: एक फेजला (वीज आणणाऱ्या तारेला), एक न्यूट्रलला (परतीच्या तारेला). गोम या दुसऱ्यात आहे. न्यूट्रलचा फ्यूज उडाला की दिवा विझतो, पण होल्डरपर्यंत 230 व्होल्ट तसेच असतात. लाइट गेली म्हणून निर्धास्तपणे स्टुलावर चढणाऱ्याला हे कळायला मार्ग नाही. भारतीय विद्युत नियम, 1956 मधल्या नियम 32 नेच न्यूट्रलमधल्या फ्यूजला मनाई केली होती, आणि स्विच घालायचा तर तो फेज-न्यूट्रल एकदम तोडणारा हवा असं म्हटलं होतं. जुने बोर्ड मात्र नियम वाचून बदलत नाहीत.

फ्यूजची उरलीसुरली अब्रू आपणच घालवली. तार सारखी जाते ना, मग वायरच्या चार काड्या पिळून बसवा! एमसीबीत, म्हणजे आपोआप पडणाऱ्या छोट्या सर्किट ब्रेकरमध्ये, ही सोय नाही. जर्मनीत मानहाइमच्या हुगो श्टोट्झच्या कंपनीने 1920 च्या दशकात तो आणला. ओव्हरलोड झाला की आतली द्विधातूची पट्टी वाकते, शॉर्ट झालं तर विद्युतचुंबक खटका पाडतो.

पण फ्यूज काय, एमसीबी काय, दोघेही राखतात ती वायर. 16 ॲम्पिअरचा एमसीबी 16 ॲम्पिअरपर्यंत गप्प बसणार. माणूस दगावायला त्याचा शतांशही पुरतो. गेलेला करंट परत आला की नाही, हे मोजणारं उपकरण 1950 च्या दशकात आकाराला आलं. दक्षिण आफ्रिकेत हेन्री रुबिन, ऑस्ट्रियात गॉटफ्रीड बीगेलमायर ही त्यातली ठळक नावं. त्याचंच आजचं घरगुती रूप म्हणजे आरसीसीबी; वीज तोडायला त्याला 30 मिलिॲम्पिअरचा फरक पुरतो. आपल्या नियमांत पुढे 61-अ आला आणि 5 किलोवॉट आणि त्यावरच्या जोडणीला असं संरक्षण लागू झालं. 2010 मध्ये त्या नियमांच्या जागी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा विनियम आले, 2023 मध्ये ते नव्याने निघाले.

जुन्या घरात आरसीसीबी बसवला की तो वरचेवर ट्रिप होतो. बऱ्याचदा दोन सर्किटांचा न्यूट्रल कुठेतरी एकत्र बांधलेला असतो, म्हणून करंट भलत्याच वाटेने परततो आणि हिशेब जुळत नाही. तो न्यूट्रल सोडवायचा तर एकेक स्विचबोर्ड उघडावा लागतो, प्रसंगी भिंतही फोडावी लागते. म्हणून इलेक्ट्रिशियन पाच मिनिटांत आरसीसीबी 'डायरेक्ट' करून, म्हणजे त्याला वगळून वायर जोडून, जातो, आणि घरमालकही खूश असतो.