नजराणा, आहेर की उसनवारी? राजदरबारांमधील व्यक्तिचित्रांची पार्श्वभूमी

प्रबोधनकाळातील युरोपीय राजघराणी एकमेकांकडे जी व्यक्तिचित्रे धाडत, त्यांना सरसकट ‘राजनैतिक भेट’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. ऑटोमन सुलतानाशी तह झाल्यावर १४७९ मध्ये व्हेनिसने त्याच्या मागणीवरून आपला चित्रकारच इस्तंबूलला पाठवला, तिथवर हा शब्द चालून जातो. पुढच्या शतकात चित्रांचा व्यवहार सोयरिकीभोवती फिरू लागला आणि शब्द अपुरा पडला.

१५५३ चे प्रकरण पाहावे. इंग्लंडची राणी मेरी ट्यूडर आणि स्पेनचा युवराज फिलिप यांच्या विवाहाची बोलणी चालू असताना, नेदरलँड्सचा कारभार पाहणाऱ्या फिलिपच्या आत्याने टिशियनने रंगवलेले त्याचे चित्र लंडनला रवाना केले. ते लांबूनच पाहावे, कारण या चित्रकाराचे काम जवळून ओळखू येत नाही, असे तिने आपल्या वकिलाला कळवले. आणि खुद्द युवराज राणीपाशी पोहोचला की ही निर्जीव वस्तू परत करावी, अशी अटही घातली. नजराणा खालच्याने वरच्याला द्यायचा असतो, आणि इथे तर दोन्ही घराणी बरोबरीची होती. आहेराची परतफेड होते, पण दिलेलीच वस्तू कोणी परत मागत नाही. ही उघड उसनवारी होती, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते तिचे सारे मोल त्या अटीतच आहे: चित्र हे येणाऱ्या माणसाचा जामीन म्हणून गेले होते.

ते चित्र नेमके कोणते, यावर एकमत नाही. शिरस्त्राणावर हात ठेवून उभा असलेला, माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातील चिलखतधारी फिलिप पुष्कळ अभ्यासक पुढे करतात. मात्र एका समकालीन पत्रात लांडग्याच्या पांढऱ्या फरचा निळा अंगरखा नोंदलेला आहे. राणीपुढे योद्धा मांडला की नवरदेव, हे त्यावर ठरते, म्हणून हा वाद किरकोळ नाही.

त्याआधी मेरीचे वडील, इंग्लंडचा राजा हेन्री आठवा याने तर वधूंची चित्रे स्वतःच करवून घेतली होती. १५३८ मध्ये ब्रसेल्सला डेन्मार्कच्या क्रिस्तिनासमोर त्याचा चित्रकार होल्बाइन याला जेमतेम तीन तास मिळाले.

पुढे १६१६ मध्ये जहांगीराने इंग्रज वकील टॉमस रो याला आपली छोटी सुवर्णप्रतिमा साखळीसह दिली. रो याने ती एका राजाने दुसऱ्या राजाच्या वकिलाला दिलेला मान म्हणून घेतली. मुघल दरबारात मात्र अशी प्रतिमा बादशहाच्या निष्ठावंत शिष्यांच्या अंगावर असे.