व्हाईल लूप

एखादी अट खरी आहे तोवर त्याच सूचना पुन्हा पुन्हा चालवणारी प्रोग्रामिंगमधील रचना. फेऱ्या किती होणार हे आधीच ठाऊक असेल, तर फॉर लूप सोयीचा. जायकवाडी धरणाचे २७ दरवाजे एकेक करून तपासायचे, तर फेऱ्या २७च. पण पाणीपातळी ठरावीक खुणेखाली येईपर्यंत विसर्ग चालू ठेवायचा असेल, तर फेऱ्यांचा आकडा आधी सांगता येत नाही. तिथे व्हाईल लागतो.

मराठीतून विचार करणाऱ्याची पहिली अडखळण अटीच्या दिशेपाशी होते. मराठवाड्यात माणूस सहज म्हणतो, ‘टिपाड भरेस्तोवर पाणी वत.’ (टिपाड म्हणजे पिंप.) यात थांबायची अट सांगितलेली असते. व्हाईलला मात्र चालू राहण्याची अट हवी असते: टिपाड भरलेले नाही, तोवर ओत. म्हणून ‘भरेस्तोवर’चे वाक्य आधी उलटवून घ्यावे आणि मगच कोड लिहावा. स्क्रॅच या ठोकळे जोडून प्रोग्राम करायच्या भाषेत अट खरी होईपर्यंत फिरणारा ठोकळा असतो. तो मराठी बोलण्याच्या अधिक जवळचा.

दुसरी गोष्ट, अट केव्हा तपासली जाते. टिपाड २०० लिटरचे, घागर १५ लिटरची आणि अट ‘पाणी < २००’ आहे असे धरू. १३ घागरींनंतर पाणी १९५ लिटर होते. अट अजून खरी, म्हणून चौदावी घागर पूर्ण ओतली जाते आणि १० लिटर सांडतात. लूप फेरीच्या आरंभी एकदाच टिपाडात डोकावतो, ओतताना नाही. टँकरचे पाणी सांडू द्यायचे नसेल, तर अट ‘पाणी + १५ <= २००’ अशी हवी. ‘पाणी २०० नाही तोवर’ असे लिहिले, तर १९५ नंतर थेट २१० येतात, २०० कधीच येत नाहीत आणि लूप थांबत नाही. पाण्याचा आकडा वाढवणारी ओळ विसरली तरी हीच गत होते. असा प्रोग्राम बहुधा कंट्रोल आणि सी ही बटणे एकत्र दाबून तोडता येतो.

सी आणि जावा या भाषांत डू-व्हाईल हा भाऊबंदही आहे. त्यात काम आधी, अट नंतर, म्हणजे एक फेरी होतेच. हापसा एकदा तरी हापसल्याशिवाय पाणी लागते की नाही हे कळत नाही, तसेच हे. पायथॉन या भाषेत डू-व्हाईल नाही. तिथे कायम खरी अट घालून, योग्य जागी ‘ब्रेक’ लिहून लूपबाहेर पडतात.