बुळकांडी: पुण्यात सुरू झालेला शोध आणि त्याचा लांबलेला शेवट

२०२२ च्या पावसाळ्यात लम्पीची, म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या रोगाची, साथ महाराष्ट्रात पसरली. जनावरांचे बाजार बंद झाले, शर्यती थांबल्या, वाहतुकीवर बंदी आली. गोठ्यागोठ्यांत लस टोचण्यासाठी डॉक्टरांची धावपळ सुरू होती. त्या दिवसांत म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी एक जुना शब्द परत आला, ‘बुळकांडी’. ज्यांनी ती पाहिली होती ते अंगावरच्या गाठी बघून सांगायचे, ही ती नव्हे. आजच्या तरुण पशुवैद्यकांना मात्र बुळकांडी पुस्तकातच भेटते, कारण तो रोग आता पृथ्वीवर नाही. माणसाने मुळासकट संपवलेले रोग दोनच आहेत, एक देवी आणि दुसरी ही गुराढोरांची बुळकांडी. देवीची गोष्ट शाळेत शिकवतात. बुळकांडीची गोष्ट पुण्याशी इतकी जोडलेली असूनही आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नाही, याचं मला वाईट वाटतं.

आधी रोग कसा होता ते पाहू. पहिल्या दिवशी जनावर नुसतं तापानं फणफणायचं. वैरणीला तोंड लावायचं नाही, रवंथ बंद, डोळ्यांतून आणि नाकातून पाणी. दोन-तीन दिवसांनी तोंड उघडून पाहिलं, तर हिरड्यांवर आणि ओठांच्या आत कोंडा भुरभुरल्यासारखे पांढरट ठिपके दिसायचे. बोटानं पुसलं की खाली लालभडक सोललेली जागा. मग लाळ आणि त्यामागून हगवण, पातळ, रक्तमिश्रित आणि घाण वासाची. जनावराच्या अंगातलं पाणी निघून जायचं, डोळे खोल जायचे आणि आठवड्या-दीड आठवड्यात ते खाली बसायचं ते उठायचंच नाही. ज्या कळपानं हा रोग पूर्वी पाहिलेलाच नाही, त्यात शंभरातली ऐंशी-नव्वद जनावरं जायची. विषाणू माणसांच्या गोवराचा जवळचा भाऊबंद. गोवर मुळात गुरांच्याच रोगातून आपल्याकडे आला असावा, असं बहुतेक संशोधक मानतात.

बैल मेला की पेरणी बुडायची, पेरणी बुडाली की सावकार दारात यायचा. मरीआईचा गाडा शिवेपार नेऊन सोडण्यापलीकडे गावाच्या हातात फारसं काही नसायचं.

युरोपातही हेच होतं. अठराव्या शतकात बुळकांडीच्या लाटा तिथे एकामागून एक येत होत्या. १७६१ साली फ्रान्समध्ये लिऑनला क्लोद बुर्जेला यांच्या पशुवैद्यक शाळेला परवानगी मिळाली, त्यामागे हे मोठं कारण होतं. जगातली ही पहिली पशुवैद्यक शाळा. १८६५ मध्ये साथ इंग्लंडला पोचली, तेव्हा इंग्रजांना त्यांच्या वसाहतीतली मरतुकही दिसू लागली. हिंदुस्थानात गुरांच्या साथींच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला. त्याचे प्रमुख जे. एच. बी. हॅलन हे लष्करी पशुवैद्य होते. १८७१ च्या अहवालात रोगाचा मोठा आवाका मांडला होता, पण प्रयोगशाळा उभी राहायला पुढची अठरा वर्षं गेली. सरकारला काळजी होती ती तोफखान्याच्या बैलांची आणि शेतसाऱ्याची. कुणब्याच्या दावणीची काळजी त्या मागून आली. हे कडवट असलं तरी लिहायला हवं.

९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्यात, त्या वेळच्या कॉलेज ऑफ सायन्सच्या इमारतीत ‘इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ सुरू झाली. तिच्या कामाची धुरा डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड यांच्याकडे आली. भरवस्तीत इतक्या झपाट्यानं पसरणाऱ्या रोगांवर काम करणं धोक्याचं होतं. गव्हाणीतलं उष्टं, शेण, कर्मचाऱ्याच्या चपला, कशातूनही रोग शेजारच्या गोठ्यात जाऊ शकत होता. म्हणून १८९३ मध्ये प्रयोगशाळा कुमाऊँच्या डोंगरात, सुमारे साडेसात हजार फुटांवरच्या मुक्तेश्वरला नेली. आजूबाजूला जंगल, गावं लांब, थंडी कडाक्याची. आज जिला ‘भारतीय पशुचिकित्सा अनुसंधान संस्था’ म्हणतात, इज्जतनगरची आयव्हीआरआय, तिचं मूळ ते हेच.

मुंबईत परळला १८८६ पासून पशुवैद्यक महाविद्यालय होतं आणि दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून उभं राहिलेलं जनावरांचं इस्पितळ त्याच्या जोडीला. संशोधन डोंगरात गेलं, पण ते गावात नेणारे हात अशा महाविद्यालयांतून तयार झाले.

१८९७ मध्ये नावाजलेले जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख मुक्तेश्वरला आले. त्याआधी ते दक्षिण आफ्रिकेत किंबर्लीला याच रोगावर काम करत होते. बुळकांडीनं मेलेल्या जनावराचं पित्त निरोगी जनावराला टोचलं तर काही दिवसांत प्रतिकारशक्ती येते, हे त्यांनी दाखवलं होतं. कॉख आफ्रिकेत का गेले, याचं उत्तर भयंकर आहे. १८८७ च्या सुमारास इटालियन फौजेच्या गुरांबरोबर बुळकांडी एरिट्रियाच्या किनाऱ्यावर उतरली. ती गुरं हिंदुस्थानातून नेलेली होती असं मानलं जातं. तिथून दहा वर्षांत ती खंडाच्या दक्षिण टोकाला पोचली. गुरांबरोबर जंगली रेडे, हरणंही गेली. इथिओपियात त्यातून पडलेल्या दुष्काळात लोकसंख्येचा तिसरा हिस्सा मेला असावा, असा इतिहासकारांचा अंदाज आहे.

आणखी एक धागा आपल्याकडूनच जातो. १९२० मध्ये दक्षिण आशियातून ब्राझीलला निघालेली वशिंडाची गुरं बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात थांबली आणि बुळकांडी युरोपात परत शिरली. त्या धक्क्यानंतर १९२४ मध्ये २८ देशांनी पॅरिसमध्ये जागतिक पशुआरोग्य संघटना स्थापन केली. कुठल्या देशात कुठला रोग आहे हे एकमेकांना कळवायचं, या आज साध्या वाटणाऱ्या नियमाची सुरुवात तिथली.

लसीचा रस्ता लांबचा होता. सुरुवातीला जनावराच्या एका बाजूला रोगी रक्त आणि दुसऱ्या बाजूला रोगातून वाचलेल्या जनावराचं सिरम, म्हणजे रक्तातला निवळ द्रव, टोचायचे. उपाय चालायचा, पण सिरम महाग आणि रोगी रक्तातून दुसरेच रक्तपरजीवी अंगात जायची भीती. १९२० च्या दशकात मुक्तेश्वरला जे. टी. एडवर्ड्स यांनी हा विषाणू शेळीत सोडला. त्या शेळीतून दुसऱ्या शेळीत, मग तिसरीत, असा प्रवास शेकडो शेळ्यांमधून झाला. विषाणू शेळीला सरावला आणि गाईबैलांसाठी सौम्य झाला. आता सिरमची गरज उरली नाही. शेळीची पाणथरी काढायची, वाळवायची, भुकटी करायची आणि टोचण्याआधी मिठाच्या पाण्यात कालवायची. एका शेळीतून शेकडो जनावरांपुरती लस. गरीब देशाला परवडेल अशी ही लस होती, आणि तिच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. तिची मर्यादा म्हणजे संकरित गाईंना ती कधी कधी जड जायची. पुढे केनियात वॉल्टर प्लोराइट यांनी पेशीसंवर्धनावर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर, लस केली. ती जवळपास सगळ्या गुरांना सुरक्षित होती. १९९९ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला तो या कामासाठी.

१९५४ मध्ये भारतानं राष्ट्रीय बुळकांडी निर्मूलन कार्यक्रम हाती घेतला. तेव्हा वर्षाला सुमारे ८ हजार ठिकाणी साथ उठत होती आणि ४ लाखांच्या घरात जनावरं आजारी पडत होती. पाच वर्षांत ऐंशी टक्के गुरांना लस, असं लक्ष्य होतं. साथी खूप कमी झाल्या, पण संपल्या नाहीत. पाच वर्षांची तीस वर्षं झाली तरी दक्षिणेकडच्या राज्यांत रोग तग धरून होता. बाजारात विकलेली, चाऱ्यासाठी हिंडणारी, लसीतून सुटलेली जनावरं त्याला पुरेशी होती. बर्फ वितळला, लस मेली आणि तीच टोचली गेली, असंही व्हायचं.

या इतिहासातली सगळ्यात अवघड पायरी लस शोधण्याची नव्हती. ती होती लस थांबवण्याची. लस टोचलेल्या आणि रोग होऊन गेलेल्या जनावराच्या रक्तात सारखीच प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिनं, दिसतात. त्यामुळे जोवर सरसकट लस चालू आहे, तोवर रोग गेला की लपला हे कळतच नाही. युरोपीय समुदायाच्या मदतीनं १९९२ मध्ये नव्यानं प्रकल्प सुरू झाला, तेव्हा देशाचे विभाग पाडले आणि लसीइतकंच वजन शोधाला दिलं. गावोगावी जाऊन पशुवैद्य विचारत, गेल्या वर्षात तोंडात फोड येऊन हगवणीनं जनावर दगावलं का? दवाखान्याच्या नोंदवह्या उलगडल्या गेल्या, गुरांच्या वाटांवर आणि बाजारांत तपासणी झाली, संशयित जनावराचा नमुना प्रयोगशाळेत गेला. आणि मग टप्प्याटप्प्यानं लस बंद केली. ज्या अधिकाऱ्यानं आयुष्यभर लस टोचली, त्यानं सुई खाली ठेवून वाट बघायची! एक चूक आणि चाळीस वर्षांची मेहनत पाण्यात. या निर्णयाला लागलेल्या धैर्याची नोंद फारशी कुठे होत नाही.

भारतातली शेवटची साथ जून १९९५ मध्ये तमिळनाडूत झाली. २००६ मध्ये देश या रोगाच्या संसर्गापासून मुक्त असल्याची आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. जगातला शेवटचा रोगी २००१ मध्ये केनियातल्या जंगली रेड्यांमध्ये सापडला होता. जून २०११ मध्ये अन्न आणि कृषी संघटनेनं जग बुळकांडीमुक्त जाहीर केलं. नंतरचं काम फ्रीजरमधलं. वेगवेगळ्या देशांच्या प्रयोगशाळांत साठवलेले विषाणू गोळा करून नष्ट करायचे. इंग्लंडच्या पिरब्राइट संस्थेनं आपला मोठा साठा २०१९ मध्ये नष्ट केला.

लम्पीच्या वेळी सुरुवातीला त्याच कुळातल्या रोगाची, शेळ्यांच्या देवीची, लस हाताशी घेऊन धावपळ करता आली, ती या सगळ्या यंत्रणेच्या जोरावर. मुक्तेश्वरचं काम चालूच आहे. पीपीआर, ज्याला आपल्याकडे शेळ्यामेंढ्यांची बुळकांडी म्हणतात, तो त्याच कुळातला विषाणू. भारतात तो १९८७ मध्ये तमिळनाडूत ओळखला गेला. त्यावरची ‘सुंगरी ९६’ ही लस आयव्हीआरआयनंच मुक्तेश्वरला तयार केली. २०३० पर्यंत तो जगातून घालवायचं लक्ष्य आहे. बुळकांडीच्या वेळी बैल निदान दावणीला सापडायचा. इथे पावसाळा संपल्यावर धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढ्यांसह फिरणारी कुटुंबं, देशावरून कोकणात उतरतात आणि उन्हाळ्याच्या अखेरीला परत चढतात. त्या मेंढ्यांना लस टोचायची तर रात्री वाघर, म्हणजे मेंढ्या कोंडायची जाळी, कुणाच्या शेतात पडणार आहे हे आधी माहीत असावं लागतं, आणि ते मेंढपाळालाच विचारावं लागतं.